दसारामभाऊंचा दुसरा पाइप

दसारामभाऊ गाडीला हात लावण्याआधी तिच्यासमोर उकिडवे बसत आणि बघत राहत. मग खिशातून सुतळी काढून ती बॉनेटच्या आतून, जिथून पाइप न्यायचा तिथून, अलगद फिरवत. मी घाई केली की म्हणत, "अगुदर रस्ता, मंग पाना. थांबा जी बाई."

ईरा, नील, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

तुमच्या आजोबांची ती दोन आसनांची, उघड्या टपाची विलायती गाडी फोटोत तुम्ही पाहिली आहे. आजोबा गेले आणि ती गॅरेजमध्ये उभी राहिली. मी ती पुन्हा चालवायचं ठरवलं, तेव्हा तुमचे बाबा घाबरले. गोंदियाच्या उन्हात तिच्या इंजिनातलं तेल तापून पातळ व्हायचं आणि तेलाच्या दाबाचा काटा खाली पडायचा. पुण्याचा एक गृहस्थ गाडी विकत न्यायला तयारच होता. शेवटी बाबांनी फोनवर अट घातली : "एप्रिलच्या उन्हात इटियाडोह धरणापर्यंत जाऊन ये. काटा पडला नाही तर गाडी तुझी. पडला, तर ती पुण्याला जाईल." वर त्यांनी तिकडून, परदेशातून, ऑइल कूलर आणि त्याचे रबरी पाइप पाठवले. कूलर म्हणजे रेडिएटरसारखीच एक छोटी जाळी. ती गाडीच्या नाकाशी बसते. इंजिनातलं गरम तेल एका पाइपाने तिच्यात जातं आणि वाऱ्याने निवून दुसऱ्या पाइपाने परत येतं.

दसारामभाऊ ट्रॅक्टर आणि भातगिरणीच्या यंत्रांचे मिस्त्री. जातीने कोहळी. त्यांच्या पूर्वजांनी गावचे तलाव बांधले, पाट काढले, आणि हे ते दर चार वाक्यांनंतर सांगत. "आमच्या पंजोबानं बिना कागदाचा पाट काढला. अजून पानी जाऊन रायलं. तेल म्हंजे काय, काळं पानीच."

मी गाडीचं इंग्रजी पुस्तक घेऊन शेजारी खुर्चीवर बसायची आणि मराठी करून वाचून दाखवायची. ते ऐकत, पण मान सहजी डोलवत नसत. "हे लिवनाऱ्यानं मे महिन्यातलं गोंदिया पायलं काय?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. त्यांच्या हाताची शिस्त मात्र पुस्तकापेक्षा वरचढ होती. नट आवळताना ते नेहमी दोन पाने घेत. "एकानं धराचं, एकानं फिरवाचं. नाई तं पायपाले पीळ पडते, अन् तो पीळ एक दिवस बदला घेते."

पुस्तकात लिहिलं होतं की पाइपाला थोडी ढील ठेवावी. मी ते वाचलं. दसारामभाऊ हसले. "ढिल्ला पाइप म्हंजे आळशी पाट. तेल तिथंच बसून रायन." परतीचा पाइप आला तसाच बसला; जाणाऱ्या पाइपाचं मात्र त्यांनी सुतळी ताणून माप घेतलं आणि तो अगदी नेमका कापला. लागल्यावर तो असा सरळ दिसला, जणू कुणी पट्टीने रेघ मारली आहे. मीही खूश झाले. मला आखीव गोष्टी आवडतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी झाली. ठिणगीची तार काढून त्यांनी इंजिन नुसतंच फिरवलं. काटा वर चढला, म्हणजे तेल सगळीकडे पोचलं. मग तार जोडून गाडी सुरू केली. एक थेंब गळला नाही. शेजारचे सेठजी पेढे घेऊन आले. दसारामभाऊ बॉनेटवर वाकून म्हणाले, "बाई, आता जोरात रेस द्या." मी दिली. पुन्हा दिली. आणि एकदम त्यांचा आवाज आला, "बंद करा!"

मला वाटलं, पाइप फुटला. पण सगळं कोरडं होतं. ते पाना घेऊन पाइप सोडवू लागले.

सेठजी म्हणाले, "अरे दसाराम, एक बूंद तेल नहीं गिरा, खोल काहे रहे हो?"

"आज नहीं गिरा सेठजी. जंगल में गिरेगा, तब बाई अकेली रहेगी."

मग माझ्याकडे वळून, सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "पाट जागचा हालत नाई जी. इंजन हालते. तुमी रेस दिली तं ते एका अंगाले कलंडलं अन् पाइप दोरीवानी तनला. पुस्तक बरोबर होतं. चूक माही आहे."

आता त्याच्या जागी लावायला पाइप नव्हता. तिकडून मागवायचा तर एप्रिल संपला असता. कापलेल्या पाइपाचं आटे असलेलं धातूचं टोक रुमालात बांधून दसारामभाऊ बाजारात गेले. धान कापायच्या हार्वेस्टरचे तेलाचे पाइप जिथे बनवून मिळतात, त्या दुकानात त्यांनी ते टोक एका नटात फिरवून पाहिलं. आटे जुळले! परत आले ते हसतच. "इंग्रज गेले जी, पन आटे इथंच सोडून गेले."

या खेपेला पाइपाला छानसं वळण होतं. पत्र्यातून जिथे तो आत शिरत होता तिथे रबराची कडी होती. "चारी बाजूनं बोट फिरलं पायजे," म्हणून त्यांनी तपासून घेतलं, आणि चाक पाइपाला घासत नाही ना हे बघायला माझ्याकडून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून घेतलं.

इटियाडोहला मी गाडी चालवली आणि ते शेजारी बसले. भर दुपारी धरणावर पोचलो. ते पाण्याकडे न बघता बॉनेट उघडून पाइपावर तळहात फिरवत राहिले. काटा जाताना पडला नाही, येतानाही नाही.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "मी पाठवलेला पाइप टिकला ना?" मी काय सांगावं याचा विचार करत होते, तोवर दसारामभाऊंनी फोन मागून घेतला.

"साहेब, तुमचा पाइप मी आखूड कापला. तो वाया गेला. आता लागला तो गोंदियाचा आहे. काटा मधातच रायला."

फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता. मग बाबा म्हणाले, "काका, पुण्याच्या माणसाला मी 'नाही' म्हणून कळवतो."

दसारामभाऊ मागच्या वर्षी अल्पशा आजाराने गेले. गाडी मी अजून चालवते. बॉनेट उघडलं की कुणीतरी विचारतंच, हा पाइप कुठून मागवला? मी सांगते, इथलाच, दसारामभाऊंनी लावलेला. आणि पहिला त्यांनी आखूड कापला होता, हेही सांगते. ते न सांगता त्यांची ओळख करून दिली, तर त्यांना आवडणार नाही.