फकरुद्दीन मणेराचे दोन डबे

सोमाटण्याचा फकरुद्दीन मणेर बांगड्या भरताना बाईच्या मनगटाकडे बघतसुद्धा नसे. हात हातात आला की माप कळलं. पण शिस्त अशी कडक, की दोन मापांच्या बांगड्या एका डब्यात दिसल्या तर गड्याला जेवण गोड लागायचं नाही. बायको बदरुन्निसा म्हणे, आमच्याकडं मीठसाखर एक होईल, बांगड्या व्हायच्या नाहीत.

असा हा माणूस १९२६ सालच्या चैत्रात किड्यांच्या नादी लागला. टोकेकर नावाचे किड्यांचे अभ्यासक लोणावळ्याला बंगल्यात उतरले होते आणि त्यांना हवे होते झाडांवरचे पिठाळ किडे. फकरुद्दीन गावोगाव हिंडणारा. सुदुंबऱ्याच्या एका आंब्याखाली त्याची भाकरी खायची जागा ठरलेली. तिथंच त्यानं किडे वेचले. नखाएवढे, चपटे, बिनपंखी, अंगावर पीठ सांडल्यासारखे पांढरे ते एका डब्यात. त्यांच्यातच बसलेले इवलेसे लाल अंगाचे, दोन काळ्या पंखांचे, शेपटाला बोंडं असलेले ते दुसऱ्या डब्यात. माप वेगळं, डबा वेगळा. सवय मेली, दुसरं काय!

डबे हाती आल्यावर टोकेकर साहेबांना वाटलं, दोन डबे म्हणजे दोन झाडं. भिंग लावून त्यांनी निकाल दिला: कूळ एक, पण जाती दोन, आणि दोन्ही नव्या. कुळाचं नाव जुनंच, पण जातीला नवं नाव देता येतं. फकरुद्दीननं शोधल्या म्हणून लाल पाखराला त्याचं नाव, पांढरीला बदरुन्निसाचं. गुबगुबीत, पीठमाख्या किड्याला आपलं नाव दिलं म्हणून ती चार दिवस फुगून बसली, ती गोष्ट वेगळी. फकरुद्दीन मात्र हवेत होता. ही हकिगत ऐकल्याशिवाय गावात एकाही बाईच्या हातात बांगडी चढेना. हसू नका; बिचाऱ्याच्या पोटी मूल नव्हतं, आणि बुकात कायमचं नाव राहणार होतं.

पुढच्या खेपेला त्याच आंब्याखाली भाकरी सोडून त्यानं वर पाहिलं, तर लाल पाखरू पांढरीच्या पाठीवर. एक नाही, चांगल्या दहा जोड्या. घास तोंडातच राहिला. अहो, नवराबायकोच होती की ती!

साहेबांचे नव्या नावांचे कागद आठवड्यात छापायला जाणार होते. गप्प बसला असता तर कोण विचारणार होतं? दोन दिवस बसलाही गप्प, आणि त्या दोन दिवसांत त्यानं तिघींना चुकीच्या मापाच्या बांगड्या भरल्या. तिसऱ्या दिवशी तळेगावात गाडी पकडून तो लोणावळ्याला गेला.

"साहेब, दोन्ही डबं एकाच झाडाचं हायती," तो म्हणाला. "मीच येगळं भरलं."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा भिंग उचललं. लाल पाखराला तोंडच नव्हतं. चार दिवस जगायचं, जोडीदारीण शोधायची, संपलं. नर तो. म्हणजे जात एक आणि नावही एकच. कुणाचं ठेवू, असं त्यांनी विचारलं.

फकरुद्दीननं टोपी चाचपली. साऱ्या गावाला ऐकवून झालेलं नाव होतं ते.

"तिचंच ठेवा," तो म्हणाला. "झाड धरून तीच बसती. आमी नुसतं हिंडतो."

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं. बदरुन्निसानं आयुष्यात पहिल्यांदा त्याची चेष्टा केली नाही. ताट वाढताना तिनं एवढंच विचारलं, की मग त्या नर किड्याला काय म्हणायचं.

"त्योबी तुज्याच नावाचा," फकरुद्दीन म्हणाला आणि त्यानं भाकरी मोडली.