सरहद्दीवरचा खानदानी देव

बसा, चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आता जे सांगणार आहे त्यात मूर्ख एकच आहे, आणि तो मी. हे मी सहसा कबूल करत नाही.

नव्वदीनंतरची गोष्ट. मी अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो आणि उल्हासनगरच्या एका कापडवाल्या सेठची गाडी चालवायचो. शाळा चौथीपर्यंत. पण स्टिअरिंग हातात आलं की मला शिकवणारा अजून जन्मायचा होता.

सेठच्या भावाने परदेशातून एक काळी डबी आणली. रडार डिटेक्टर. पुढे पोलीस वेग मोजायचं यंत्र घेऊन उभे असले की ही डबी वाजते आणि आपण ब्रेक मारायचा. आमच्या रस्त्यावर पोलिसांपाशी तसलं यंत्र होतंच कुठे? तरी डबी वाजायची. कशाला, ते तिलाच ठाऊक. दसऱ्याला गाडीची पूजा केली तेव्हा पान्या-जॅकबरोबर तिलाही हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. हत्यारं पुजायची तर सगळीच पुजायची.

सेठची आई, अम्मा, मागच्या सीटवर बसायची. माळ बघितल्यापासून ती डबीला हात जोडू लागली. डबी वाजली की म्हणायची, "बोले, बोले." मालकाच्या आईला कोण शिकवणार?

दिवाळीआधी अम्माच्या मनात आलं, पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं. गाडीनेच. वय असं की ही यात्रा हुकली तर पुन्हा होणार नव्हती. मी सेठला शब्द दिला, अम्मांना देवळाच्या पायरीशी उतरवीन. निघताना त्याचा भाऊ सहज बोलून गेला की परदेशात सरहद्दीवर ही डबी सापडली तर जप्त करतात. नेपाळला काय नियम आहे, ते मी विचारलं का? विचारणं माझ्या स्वभावात नाही.

सरहद्द आली. पुढच्या गाड्या तपासत होते. मी डबीवर लाल फडकं टाकलं, वर ताजी माळ घातली आणि ताठ बसलो.

कस्टमच्या साहेबाने खिडकीतून बोट दाखवलं. "ये क्या है?"

"भगवान है."

साहेबाने हात जोडले. इथे थांबलो असतो तर तुम्हाला सांगायला काही उरलंच नसतं. पण मान मिळाला की माणूस वाढवून बोलतो. मी म्हणालो, "खानदानी है साहब. दो-तीन सौ साल पुराना."

जोडलेले हात सुटले. "पुरानी मूर्ति? कागज कहाँ है?"

तेव्हा कळलं. जुन्या मूर्ती चोरून देशाबाहेर नेतात, म्हणून तिथे सगळ्यात कडक तपासणी मूर्तींचीच. गाडी बाजूला, चावी साहेबाच्या खिशात, भोवती चार शिपाई. मी घाईने सांगितलं की मूर्ती नाही, साधं यंत्र आहे. त्यावर मागून अम्मा भडकली. शिपाई बघून देवाला नाकारतोस म्हणाली. आणि साहेबाला ठणकावून सांगितलं, "सच्चा भगवान है. बोलता भी है. मैंने खुद सुना है."

झालं. आता माझं कोण ऐकतो? फडकं काढलं तर खाली कुंकवाचा थर. साहेबाचा संशय दुप्पट. शेवटी मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि भर उन्हात, बॉनेटवर ठेवून, देव खोलला. आत नुसत्या तारा. मग मुकाट्याने त्याचं खरं नाव आणि वेगाचं कामही सांगितलं.

साहेबाने तारा बोटाने हलवून बघितल्या. म्हणाला, "इसके लिए तो हमें कोई हुक्म ही नहीं आया. पहले बोलता तो कब का उधर पहुँच जाता."

चावी परत मिळाली. मी मागचं दार उघडून उभा राहिलो. देव खोलताना खाली उतरलेली अम्मा परत बसेना. ज्याने देवाचं पोट फाडलं त्याच्या गाडीत ती पाय ठेवणार नव्हती. पण दर्शनही सोडणार नव्हती. तिने हात करून एक सायकल रिक्षा थांबवली आणि निघाली नेपाळला.

मी काय करणार? शब्द दिलेला. पहिल्या गिअरमध्ये रिक्षाच्या मागे निघालो. रिक्षावाला म्हातारा, त्याच्या चाकात हवा कमी. पायी चालणारी माणसं मला मागे टाकून पुढे जात होती.

साहेब फाटकापाशीच उभा होता. मी समोरून सरकत असताना तो खिडकीत वाकला आणि अगदी काळजीने म्हणाला, "ड्राइवर साहब, वो डिब्बा चालू कर लो. रफ्तार बहुत है आपकी."