केयाची पहिली खेप

शुभाचं माहेर वेंगुर्ल्याचं. कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण नसेल तर तिला रविवार हा रविवार वाटत नसे. लग्न होऊन ती ओरेगनला हिल्सबरोत आली, एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागली आणि इथल्या थंड पाण्यातले परातीएवढे मोठे डंजनेस खेकडे तिनं पहिल्याच हिवाळ्यात आपलेसे केले. पण आपली लेक ते पकडायला समुद्रावर जाईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

केया मरीन बायॉलॉजी शिकली, लॅबमध्ये लागली, आणि एक दिवस ती नोकरी सोडून न्यूपोर्टच्या बंदरात एका बोटीवर खेकड्यांचे पिंजरे ओढायला गेली. रवींद्र, तिचा बाबा, कित्येक दिवस लेकीशी धड बोलला नाही. शुभा बोलत राहिली, पण ऊठसूट फोनवर वाऱ्याचा अंदाज बघायची तिला खोडच लागली.

केयाच्या त्या पहिल्याच वर्षी हंगाम लांबला. खेकडे भरलेच नव्हते. कवचं मोठी, आत मांस नाही. डिसेंबर सगळा तसाच गेला. जानेवारीत एकदाची परवानगी मिळाली आणि सगळ्या बोटी झुंडीनं सुटल्या, केयाचीही. निम्म्याहून जास्त माल सुरुवातीलाच निघतो, त्यामुळे हवा फिरली तरी कोणी लवकर परतत नाही. आणि हवा फिरलीच.

शुभानं रजा टाकली आणि ड्राइव्ह करत न्यूपोर्ट गाठलं. बंदरात शिरायची वाट दोन दगडी बांधांच्या मधून आहे. ओहोटीचं पाणी बाहेर रेटत होतं, समोरून लाट येत होती आणि नेमकं त्या तोंडाशीच सगळं उसळत होतं. कोस्ट गार्डनं वाट बंद केली होती. धक्क्यावर केयाच्या बोटीच्या कॅप्टनची बायको, डॉना, पिकअपमध्ये रेडिओ लावून बसली होती. तिनं शुभाला ओळखलं आणि दार उघडलं.

"ते बाहेरच थांबलेत. भरती लागली की येतील."

"सगळे ठीक आहेत ना?"

डॉनानं रेडिओचा आवाज कमी केला. "एकाला लागलंय. रेडिओवर नाव सांगत नाहीत."

बोटीवर माणसं चार. तिघं धिप्पाड, आणि चौथी तिची पोर. रवींद्रचा फोन वाजत होता; काय सांगायचं ते न कळून तिनं तो उचलला नाही. मग लगेच स्वतःच लावला.

"अहो, कोणाला तरी लागलंय."

"आपल्या केयाला?"

"माहीत नाही."

पलीकडे किल्ल्यांचा आवाज झाला. "मी निघतो," तो म्हणाला.

पाणी चढायला लागलं तशा लाटा बसल्या. कोस्ट गार्डची लाँच बाहेर गेली आणि तिच्या मागोमाग एकेक बोट आत यायला लागली. आपली कुठली हे शुभाला ओळखू येईना. डॉनानं ती बोटानं दाखवली. बांधांच्या मध्ये आल्यावर मागून एक लाट उठली, बोट आडवी व्हायला लागली आणि शुभानं डॉनाचा हात घट्ट धरला. बोट कशीबशी सरळ झाली आणि आत आली.

केया डेकवर बसली होती. डाव्या हाताला चिंध्यांचं मोठं गाठोडं.

"आई, आय ॲम फाइन. दोरात बोटं अडकली. टू फिंगर्स, दॅट्स ऑल."

शुभाला तिला एक ठेवूनही द्यावीशी वाटली आणि पोटाशीही धरावंसं वाटलं. तिनं धरलं. पोरीच्या अंगाला आमिषाचा आणि डिझेलचा वास येत होता.

बोटं मोडली होती. हॉस्पिटलात प्लास्टर घालून होईतो रवींद्रही पोचला. तो नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. निघताना कॅप्टननं बादलीभर जिवंत खेकडे गाडीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी शुभानं खोबऱ्याचं वाटण घालून त्यांचं कालवण केलं. केयाला एका हातानं कवच फोडता येईना, म्हणून नांग्या ठेचून, मांस काढून शुभा एकेक घास भरवू लागली.

"आई, हात बरा झाला की मी परत जाणार आहे."

रवींद्रचा हात ताटातच थांबला. त्यानं शुभाकडे बघितलं. शुभाच्या मनात सकाळपासून तयार असलेलं भांडण होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

"आधी जेव," ती म्हणाली आणि पुढची नांगी उचलली.