कालवडींचा वळू

ओराझाली होता तोवर वळू निवडायचं काम त्याचं. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, कुल्झिपाने, पहिल्यांदा एकटीने वळू निवडला. सगळ्या गावाच्या नजरेत भरेल असा: पांढऱ्या तोंडाचा, रुंद पाठीचा, दणकट हाडापेराचा. जाणारे-येणारे थांबून बघत. तिलाही बरं वाटे.

पुढच्या वसंतात बर्फ वितळून माळाचा चिखल झाला, तेव्हा जुन्या गाई बिनबोभाट व्यायल्या. तीन कालवडी मात्र अडल्या. पहिलटकरणी त्या, आणि पोटात बापासारखी थोराड वासरं. कोपरापर्यंत हात घालून, वासरांच्या पायांना दोर बांधून तिने दोघींना मोकळं केलं. तिसरीच्या वेळी हातातलं बळच संपलं. दोराला हात लावायला दुसरं कुणी नव्हतं. दुपार कलेपर्यंत कालवडही गेली, वासरूही.

दोन दिवसांनी गुरांचा डॉक्टर दौलेतकेरेय लशी टोचायला आला, तेव्हा ती अजून त्या दोघांना पुरायचा खड्डाच खणत होती. त्याने तिच्या हातातलं फावडं घेतलं आणि उरलेला खड्डा खणून दिला. मग चहा पिताना हळूच म्हणाला, "आपा, वळू वाईट नाही. गाईंना चाललाच की. कालवडींना हलक्या हाडाचा लावायचा असतो. विचारायचंत तरी."

"कुणाला?" कुल्झिपा म्हणाली.

उठताना त्याने आपला फोन नंबर कागदावर लिहून दिला.

त्या उन्हाळ्यात तिने कालवडी वेगळ्या काढल्या आणि त्यांच्यात एक बुटका, निमुळत्या डोक्याचा वळू सोडला. लोक हसले. ओराझालीने असलं बोकड दारात उभं केलं नसतं, असंही कुणीतरी म्हणालं. पानगळीत एकेकीला तपासून गाभण कोण, भाकड कोण, हे तिनेच ठरवलं. ओराझालीची लाडकी गाय सलग दुसऱ्या वर्षी रिकामी निघाली. तिला खाटकाच्या गाडीत चढवलं, त्या दिवशी कुल्झिपाने चूल पेटवली नाही.

वसंतात नऊच्या नऊ कालवडी आपल्या आपण मोकळ्या झाल्या. फोन लागतो त्या टेकाडावर ती चढली. आधी आस्ताना शहरातल्या आपल्या मुलाला लावला; तो म्हणाला, छान झालं, नंतर बोलतो. मग तिने डॉक्टरला फोन लावला.

"कोण अडली, आपा? निघू का लगेच?"

"कुणी नाही. नऊही सुटल्या. सांगायलाच केला."

तो विचारू लागला, वार पडली का, वासरं धडपणे पितात का. वाऱ्याकडे पाठ करून ती एकेकीचं सांगत राहिली.