आक्षेप नाही

किनुए ओरिकासाबाईंचं केस कापायचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली होती. गुडघ्यांनी त्याच्याही आधी हात टेकले होते, पण गावच्या मानधन समितीतली खुर्ची काही त्यांना सोडत नव्हती. ग्रामपरिषदेवर निवडून आलेल्या सदस्यांना महिन्याला किती मानधन द्यायचं, हे दर चार वर्षांनी सात गावकरी बसून ठरवत. त्यात महिला मंडळाची एक बाई लागे. मंडळात उरल्या होत्या चौदा जणी, आणि त्यातल्या त्यात कचेरीचा जिना चढू शकणाऱ्या याच.

ठरवत म्हणजे काय, तर कचेरीतला कारकून अभिप्राय आधीच लिहून ठेवी: 'आहे तेच चालू ठेवावे.' अध्यक्ष शोबुया गुरुजी, शाळेचे जुने मुख्याध्यापक, तो वाचून दाखवत आणि कुणाचा आक्षेप आहे का, असं विचारत. सगळे म्हणत, आक्षेप नाही. मग बार्लीचा चहा येई. एक लाख बहात्तर हजार येन, म्हणजे एकट्या माणसाचं जेमतेम भागेल एवढा आकडा, असा चोवीस वर्षं जागचा हलला नव्हता. सदस्य सगळे पेन्शनीतले म्हातारे, त्यांचं कुठे काय अडलं होतं?

या खेपेला अडलं होतं ते शेजारच्या सानाएचं. भाजी निवडायच्या शेडमध्ये ती कामाला जाई आणि दोन मुलींना एकटीनं वाढवत होती. गेल्या आठवड्यात मुळ्याचं लोणचं घेऊन आली आणि दारातच बोलली.

"काकू, मला निवडणुकीला उभं राहायचंय. ही मंडळी गावची बस बंद करायला निघालीत. पण शेड सोडून एवढ्याशा मानधनात घर कसं चालवू? तुम्ही समितीत एकदा बोला ना."

"माझं कोण ऐकतंय, बाई?"

"नाही ऐकलं तरी चालेल. एकीनं जरी आक्षेप घेतला ना, तर दुसरी बैठक घ्यावी लागते. अर्ज भरायला अजून महिना आहे."

किनुएबाई हो म्हणाल्या. कॅलेंडरच्या पाठीवर दोन वाक्यं लिहिली आणि दुकानातल्या जुन्या आरशासमोर रोज म्हणून पाहिली.

बैठकीच्या दिवशी जिन्यातच त्यांचा जीव अर्धा झाला. कारकुनानं शेजारच्या गावांतल्या मानधनाचे तक्ते चाळीस मिनिटं वाचले. मागच्या भिंतीशी ऐकणाऱ्यांसाठी खुर्च्या असत, त्या नेहमी रिकाम्या. आज एकीवर सानाए बसली होती, शेडमधल्या गमबुटांसकट. किनुएबाईंनी मांडीवरचा कागद उलगडला. गुरुजींनी अभिप्राय वाचला आणि चष्म्यावरून बघितलं.

"कुणाचा आक्षेप?"

"आक्षेप नाही," सगळे म्हणाले.

त्यात आपलाही आवाज होता, हे किनुएबाईंना चहा समोर आल्यावर कळलं. कुणी दटावलं नव्हतं, कुणी घाईही केली नव्हती. इतक्या वर्षांची जिभेला लागलेली सवय, ती बोलून मोकळी झाली.

"गुरुजी, मला जरा..."

"पुढल्या खेपेला, ओरिकासाबाई," गुरुजी पेनाला टोपण लावत मायेनं म्हणाले. पुढल्या खेपेला त्या एकोणऐंशीच्या होणार होत्या.

सानाए जिन्यापाशी थांबली होती. तिनं त्यांचा दंड धरला आणि एकेक पायरी सावकाश उतरवलं. हिनं आता चार शब्द सुनावावेत, असं किनुएबाईंना फार वाटत होतं. निदान का, एवढं तरी विचारावं. खाली आल्यावर, काम संपवून निघताना गावात सगळे एकमेकांना म्हणतात तसं, सानाए वाकून म्हणाली, "दमलात, काकू."

मग घड्याळ बघून ती बसथांब्याकडे निघाली.