मागच्या डाव्या सीटवरचं वजन

"सार, मागं बसलेल्याला आधी खाली उतरवा!" मुरुगेसन मागच्या चाकाशी आडवा पडून ओरडत होता. "किती वेळा सांगू? माणूस आत ठेवून मी गाडी जॅकवर घेत नाही."

मी गाडीच्या बाहेर उभा. हातात चहाचा ग्लास. पुढची सीट रिकामी, मागची सीट रिकामी. गाडीत माणूस सोडा, एक छत्रीसुद्धा नव्हती.

"आत कोणी नाही," मी म्हणालो.

मुरुगेसन उठला. हात पुसत त्यानं काचेतून डोकावून पाहिलं. मग वाकून मागच्या डाव्या चाकाकडे पाहिलं. परत काचेतून पाहिलं. आणि एकदम आवाज उतरवून म्हणाला, "मग सार, गाडी बसलीय कोणाच्या वजनानं?"

तर मंडळी, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी कोल्हापूरचा. आमच्या गल्लीच्या टोकाला चिंचेवर हडळ होती, ती आमच्या आजोबांना तंबाखू मागायची आणि आजोबा उलट तिच्याकडे चुना मागायचे — अशा घरातला मी. त्यातून नोकरी चेन्नईजवळ गुम्मिडिपूंडीला, स्प्रिंगच्या कारखान्यात, क्वालिटीला. दिवसभर स्प्रिंगा दाबायच्या आणि किती दबल्या ते बघायचं. माणूस खोटं बोलेल, सुपरवायझर तर बोलतोच, पण स्प्रिंग बोलत नाही. जेवढं वजन तेवढी दबते. या एका वाक्यावर माझं घर चालायचं... म्हणून तर पुढं जे झालं त्यानं माझी दुप्पट टरकली.

काळ तो, जेव्हा नेट कॅफेत तासावर बसून गाड्यांचे फोरम वाचायचे. आम्ही राहायचो चेन्नईत पेरंबूरला. मी, बायको अनघा, आणि खाली घरमालक राव मामा आणि मामी. मामा तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी पूर्वज इकडे आले ते इथलेच झाले, पण घरात मराठीच — ऐकताना एखादी बखर आपल्याशी चहा पीत बोलतेय असं वाटायचं.

गाडी म्हणजे साधी छोटी हॅचबॅक. पण कंपनीनं ती इतकी उंच ठेवलेली की धोतर वर खोचून ओढ्यातून चाललेल्या माणसासारखी दिसायची. टायर आणि वरची कमान यांच्यात माझी अख्खी मूठ जायची. फोरमवरची पोरं आपापल्या गाड्यांचे फोटो टाकायची, जमिनीला चिकटलेल्या, वाघ दबा धरून बसावा तशा. मी ते फोटो बघून घरी यायचो आणि आपली गाडी बघून जेवायचो नाही. बरं, थोडं जेवायचो.

आता गाडी खाली कशी आणायची? पहिला मार्ग, मूळची स्प्रिंग कटरनं कापायची. हा मार्ग निम्मं चेन्नई वापरायचं. पण स्प्रिंगच्या कारखान्यातल्या माणसानं स्प्रिंग कापायची म्हणजे माळकऱ्यानं खाटकाचं दुकान टाकायचं. दुसरा मार्ग कॉइलओव्हर, म्हणजे उंची पाहिजे तशी कमीजास्त करता येते असा परदेशी सेट. त्याची किंमत ऐकून मी नुसताच फोन ठेवला. तिसरा मार्ग, मुळातच आखूड आणि कडक बनवलेल्या स्प्रिंगा घ्यायच्या आणि शॉक अॅब्सॉर्बर जुनेच ठेवायचे. दीड इंच खाली. रोजच्या रस्त्याला झेपेल एवढंच. मी तिसरा निवडला. महिनाभर आकडेमोड करून निवडला, आमच्या लग्नाला एवढा विचार केला नव्हता.

अनघाला तेव्हा सातवा संपत आलेला. डॉक्टरांनी रेल्वेचा प्रवास बंद केला होता, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी नाही, इथंच. आणि मी मात्र गाडी खाली घ्यायला निघालेलो.

"खड्डे कुठं जाणारेत?" ती म्हणाली.

"अगं, कडक स्प्रिंगनं गाडी रस्ता धरते."

"मग धर तू रस्ता. तुझ्या त्या बसक्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. रिक्षानं जाईन दवाखान्यात."

ती बोलली तसंच वागली. चेकअपला रिक्षानं जायची, आणि मी मागून गाडी घेऊन. वरातीसारखं.

मुरुगेसनचं गॅरेज एन्नोरला जाणाऱ्या रस्त्यावर. समोर बसस्टॉप, आणि दिवसभर कंटेनरचे ट्रेलर. नव्या स्प्रिंगा बसवल्या की त्याची एक पद्धत होती. मागं तीन माणसं बसवायची, गाडी स्पीडब्रेकरवरून फिरवून आणायची. स्प्रिंगा जागेवर बसतात आणि टायर कमानीला कुठं घासतो ते ऐकू येतं. त्या दिवशी गॅरेजातला वेल्डर आणि पेंटर मागं बसले. तिसरा कमी पडत होता. समोर स्टॉपवर एक म्हातारा बससाठी ताटकळत होता. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, खांद्यावर टॉवेल. त्याला बोलावलं — "ताता, पाच मिनिटं बसा, पुढच्या स्टॉपवर सोडतो." ताता म्हणजे आजोबा. आजोबा काही न बोलता आले आणि मागं डावीकडे बसले.

आम्ही देवळापाशी तीन स्पीडब्रेकर मारले. टायर मोठ्या धक्क्याला थोडा घासला, तेवढं चालतं. मुरुगेसन खूश. त्या खुशीत आम्ही गाडी वळवली आणि सरळ गॅरेजला परत आलो. वेल्डर उतरला, पेंटर उतरला, मी उतरलो, कॅमेरा काढला आणि फोटो घेतले. वाघच दिसत होती. आजोबा? बस आली असेल, गेले असतील. तेव्हा तर हा प्रश्नसुद्धा डोक्यात आला नाही.

घरी येताना टायर घासायला लागला. मागचा, डावा. स्पीडब्रेकरवर नाही — साध्या वळणावर, सपाट रस्त्यावर. खर्र... खर्र... गाडीत मी एकटा.

दुसऱ्या दिवशी बोटं घालून पाहिलं. उजवीकडे कमानीत दोन बोटं आरामात. डावीकडे एक बोटही अडकत होतं. म्हटलं स्प्रिंग खराब. कारखान्यात नेऊन दाबली — उत्तम, आमच्या मालापेक्षा चांगली, हे साहेबांना सांगितलं नाही. मुरुगेसननं डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे केली. गाडी डावीकडेच बसलेली. मग मी हुशारी केली. चाकं हवेत लोंबत असताना सांध्यातले रबरी बुश आवळले तर ते पिळतात आणि गाडी चुकीच्या उंचीवर धरून ठेवतात. म्हणून सगळे बोल्ट सैल केले, गाडी जमिनीवर ठेवली आणि परत आवळले. पुस्तकात लिहिलंय तसं. डावीकडे एक बोट.

हे सगळं करायला गेलो तेव्हाच मुरुगेसन ओरडला होता, मागच्या माणसाला उतरवा म्हणून. आणि दोघांच्याही डोक्यात एकदमच तो म्हातारा आला.

"तुम्ही तो म्हातारा बोलावला होता ना..." मी म्हणालो.

"मी? मी कशाला सार. तुम्ही बोलावलंत."

"मला तमिळ येतं का एवढं?"

"तेच तर. मी म्हटलं, सार आज किती चांगलं तमिळ बोलले."

वेल्डरला विचारलं. तो म्हणाला, "आम्ही दोघंच होतो मागं. पण बसायला जागा कमी पडत होती, ते आठवतंय." पेंटरनं नुसती मान हलवली आणि दुसऱ्या गाडीच्या पलीकडे गेला.

जुन्या स्प्रिंगा परत घाल म्हटलं, तर मुरुगेसननं त्या दुसऱ्याच कुणाच्या गाडीत बसवून टाकलेल्या. कंपनीच्या उंचीच्या नव्या मागवल्या. येतील, येतील... चेन्नईत 'येतील' या शब्दाला तारीख नसते.

आता माझी हालत ऐका. अनघाचा नववा लागला. रिक्षा मिळेल तेव्हा मिळेल, पण नाही मिळाली तर ही गाडी. आणि त्या गाडीत मागं डावीकडे काय बसलंय ते मला माहीत नाही. तिला सांगायची सोय नाही, या दिवसांत कसं सांगणार? मी आरशात मागं बघणं बंद केलं. आरसा छताकडे वळवून ठेवला. मागून हॉर्न वाजला की मला वाटायचं हा आतूनच वाजवतोय. वजन सहा किलोंनी उतरलं माझं. खरं तर दोन, पण सहा वाटायचे.

शेवटी राव मामांना सगळं सांगितलं. अंगणात शेंगा निवडत त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं लिंबू सांगतील, भोपळा फोडा म्हणतील. मामा म्हणाले, "त्यांसी कोठें सोडतों म्हणून सांगितलांत?"

"पुढच्या स्टॉपवर."

"मग सोडलांत कीं?"

मी त्यांच्यातली एक शेंग उचलून निवडायला लागलो.

"बसा म्हणून बोलावलांत. उतरा म्हणून कोणीं सांगितलेंच नाहीं," मामा म्हणाले. "मोठीं माणसें तीं. उगीच उठून जातील कसे? तें सोडून तुम्हीं स्प्रिंगेसी शिव्या देत बसलांत."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी गाडी घेऊन त्या पुढच्या स्टॉपवर गेलो. ऊन असं की डांबराला उकळी. पाच-पंचवीस माणसं बसची वाट बघत उभी. मी उतरलो, फिरून मागचं डावं दार उघडलं, आणि रिकाम्या सीटला हात जोडून म्हणालो, "ताता, स्टॉप आला. एरंगुंगा." म्हणजे उतरा. लोक बघायला लागले. एक बाई तर आत वाकून बघून गेली. मी परत म्हणालो. मग मराठीत म्हणालो. मग इंग्रजीतही म्हणालो, काय सांगावं, पेन्शनर असेल. दार बराच वेळ उघडं ठेवलं. बस आली, सगळे चढून गेले. मी खाली वाकून बोट घातलं.

एक बोट. जेमतेम.

त्यानंतर चारच दिवस गेले असतील. सकाळची अकराची वेळ, मी सुट्टीवर, अनघा वरून जिना उतरताना मधेच कठडा धरून उभी राहिली. "चल," एवढंच म्हणाली. मी चौकात पळालो. रिक्षा स्टँड मोकळा, एकूण एक रिक्षा शाळेची पोरं आणायला गेलेली. पळत आलो, गल्लीतून गाडी काढली आणि फाटकाशी आणून लावली. वर पळालो, बॅग, फाइल, थर्मास. खाली आलो तोवर अनघा मागं बसलेली, डावीकडेच. शेजारी मामी, तिचा हात धरून. बसक्या गाडीचा विषयसुद्धा तिनं काढला नाही. मी बॅग पुढच्या सीटवर टाकली. काय बोलणार? 'तिथं नको बसू, तिथं कोणीतरी आहे' म्हणू?

गाडी सुरू केली. सांगतो ते हसण्यावारी नेऊ नका. माझे कान मागच्या डाव्या चाकात होते. पहिलं वळण आलं. आवाज नाही. दुसरं वळण, पुलाखालचं, तिथं रोज खर्र व्हायचं... काही नाही. दवाखान्याच्या आधीचा मोठा स्पीडब्रेकर, त्यावर एकदा हलकं घासलं. मागं दोन बायका बसल्यावर आकडेमोडीप्रमाणं घासायला हवं तेवढंच. दोघींचं घासणं. तिघांचं नव्हे.

मुलगी झाली. दुपारी दोनच्या सुमारास. दोघी ठणठणीत. मी पेढे आणायच्या आधी पार्किंगमध्ये गेलो, गुडघ्यावर बसलो आणि दोन्हीकडे बोटं घातली. उजवीकडे दोन. डावीकडे दोन. वॉचमन म्हणाला, पंक्चर आहे का सार? मी म्हटलं, नाही, मुलगी झाली.

यानंतर ती गाडी मी आणखी पाच वर्षं त्याच स्प्रिंगांवर चालवली. डावी बाजू पुन्हा कधी बसली नाही. कारखान्यातल्या एका सीनियरला आकडे दाखवले, तो म्हणाला मापताना चुकलास. मुरुगेसन म्हणतो देवाचं काम. मामा हसायचे, काही बोलायचे नाहीत. मी स्वतः आजवर शंभर कारणं लावून पाहिली, रबर, बुश, रस्त्याचा उतार, माझं डोकं. एकही बसत नाही. ज्याला सापडेल त्यानं मला खरंच कळवा.

त्या दिवशी संध्याकाळी अनघा शुद्धीवर, बाळ कुशीत. मी अजूनही तिला यातलं अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. नुसतं सहज विचारलं, मागं बसताना अडचण नाही ना झाली?

बाळाचं टोपडं नीट करत ती म्हणाली, "कसली अडचण? तू ज्यांना गाडीतून आणलंस ते आजोबा फाटकाशीच उतरले. मला म्हणाले, तू बस."