पंधरा दिवसांचा अंगठा

“एक दिवस लावला असता, तर चूक झाली म्हटलं असतं. पंधरा दिवस, पप्पा? सकाळ-संध्याकाळ?”

“हळू बोल,” साहेबराव म्हणाले.

“हळूच बोलतेय. तीस वेळा अंगठा लावला, एकदाही विचारावंसं वाटलं नाही, वर्ग कुठाय म्हणून?”

“विचारलं की. लाइन थांबवता येत नाही म्हणाले. माल गेला की वर्ग घेऊ.”

“माल गेला. वर्ग कुठं गेला?”

दीक्षा हिंजवडीच्या ऑफिसातून आली, की आधी हातपाय धुवायची. आज पर्ससकट दारातच उभी होती. प्रभावती ओट्याशी भाकरी थापत होती. थेरगावच्या त्या दोन खोल्यांत कुणीही कुठूनही बोललं, तरी सगळ्यांना ऐकू यायचं.

चाकणच्या कंपनीत साहेबराव सव्वीस वर्षं वेल्डिंग करत होते. ते काम प्रभावतीनं कधी पाहिलं नव्हतं. तिला ते कळायचं शर्ट धुताना. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ठिणग्यांची भोकं तूरडाळीएवढी असायची. पुढं ती मोहरीएवढी झाली, आणि मग महिन्यात एखादंच दिसायला लागलं. नवऱ्याचा हात बसला, हे तिला तेव्हाच समजलं होतं.

गेल्या वर्षी सरकारची योजना आली. कामावर असलेल्या माणसांनाच कंपनीत नवं काम शिकवायचं, खर्च सरकार देणार. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये बॅनर, फोटो, टी-शर्ट आणि समोसा. दुसऱ्या दिवसापासून एचआरमधला सिद्धेश हजेरीचं मशीन घेऊन लाइनवरच यायला लागला. “काका, अंगठा.” साहेबराव हातमोजा काढायचे, अंगठा टेकवायचे, हातमोजा चढवायचे आणि जोडायचा पुढचा तुकडा घ्यायचे. शेवटी ‘रोबोटिक वेल्डिंग ऑपरेटर’ असं छापलेलं सर्टिफिकेट आलं. प्रभावतीनं ते फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं, चार घरी पेढे दिले.

दिवाळीनंतर रोबोट खरोखरच आला. सर्टिफिकेटवाल्यांना त्याच्यापुढं उभं केलं. साहेबरावांनी कुठलंतरी बटण दाबलं आणि त्याचा हात वाकून अडकला. अर्धी पाळी लाइन बंद. तेव्हा ते आपणहून ऑफिसात गेले. मला शिकवलेलं नाही, आता शिकवा, म्हणाले. सिद्धेशनं आधार नंबर टाकून स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. प्रशिक्षण पूर्ण.

“काका, सिस्टीममध्ये तुम्ही शिकलेले आहात. एका माणसासाठी सरकार दोनदा पैसे देत नाही.”

“मग कंपनीनं शिकवावं.”

“कंपनी म्हणते, शिकवलंय.”

एवढंच. रोबोट चालवा, नाहीतर पॅकिंग, म्हणजे दिवसभर खोक्यांना टेप.

“आजोबा चाळिशीत सही शिकले,” दीक्षा म्हणाली. “का, तर कुठल्या कागदावर अंगठा द्यायचा नाही म्हणून. आणि तुम्ही बारावी झालेले.”

प्रभावतीला सासरे आठवले. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर आपलं नाव पुनःपुन्हा गिरवणारे. नवऱ्याच्या बाजूनं काय बोलावं ते ती शोधत राहिली. तव्यावरची भाकरी करपली.

दीक्षानं पर्समधून कागद काढला. “टाइप करून आणलंय. सही करा, लेबर ऑफिसात मी देते.”

साहेबरावांनी चष्मा लावला. “‘वर्ग झाला नसताना मी हजेरी लावली.’ हे मीच लिहून द्यायचं?”

“खरं तेच आहे.”

“खरंच आहे. पण बाकीच्या चाळीस जणांनीबी लावली. सगळ्यांची सर्टिफिकेटं जातील. सोपानराव मोबाइलवर बघून बघून आता कुठं तो रोबोट चालवायला लागलाय. त्याचंबी जाईल.”

“मग तुमच्या कामाचं काय?” प्रभावतीनं विचारलं. “सव्वीस वर्षांचा हात हो तुमचा.”

“हात आहे. पण तो त्यांच्या सिस्टीममध्ये दिसत नाही.”

त्यांनी कागदाची घडी घातली, लेकीच्या हातात परत दिली. मग उठून पाटावर बसले आणि ताट पुढं ओढलं.

“पॅकिंगच्या कागदावर सकाळीच सही करून आलोय,” ते म्हणाले. “सगळा वाचून केली. सोमवारपासून तिकडं. बस डांगे चौकात साडेपाचला येते, डबा पाचला लागेल.”